सूचना इंग्रजीत होती

सरकारनं सांगितलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. सांगितलं होतं. इंग्रजीत, एका वेबसाइटच्या कोपऱ्यात, आणि अशा शब्दांत की वाचणाऱ्याला वाटावं, हे आपल्यासाठी नाहीच. नेहमी विमानानं फिरणाऱ्या कुणा साहेबासाठी आहे. ती सूचना मी आमच्या स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं वाचली होती, एकेक वाक्य मराठीत करत. म्हणून ती मला आजही पाठ आहे, आणि म्हणूनच तिचा राग येतो.

माझा भाऊ माझ्याहून लहान. कॉम्प्युटरचा डिप्लोमा झाला, मग नवा रायपूरच्या एका सरकारी ऑफिसात ठेकेदाराच्या हाताखाली डेटा भरायचं काम मिळालं. ठेका संपला तसं कामही संपलं. त्यानंतर तो घरी होता. कामाशिवाय घरी असलेला तरुण पोरगा म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात असा पोरगा आहे त्यांना सांगायला नको. त्यातच यात्रावाले काका एक नोकरी घेऊन आले.

काका म्हणजे आमच्या विहारातले. दरवर्षी बसभर माणसं बोधगयेला नेतात, लुंबिनीला नेतात. एकदा थायलंडलाही नेऊन आणली. आमच्याकडच्या बायका सोन्याचे स्तूप पाहून आल्या आणि पुढं कित्येक महिने त्याच गोष्टी सांगत राहिल्या. त्या यात्रेत काकांची कुणाशी तरी ओळख झाली होती. त्या माणसानं कळवलं होतं की तिथल्या कंपनीला हिंदी येणारी, टायपिंग येणारी पोरं हवी आहेत. राहणं-खाणं फुकट.

त्याच दिवशी मी ती सूचना शोधून काढली. आमचा मुलामुलींचा एक गट आहे. ठेका कामगारांचे प्रश्न, वस्त्यांमधलं पाणी, असल्या गोष्टींवर आम्ही पत्रकं छापतो आणि चौकाचौकात वाटतो. थायलंडच्या नोकरीच्या नावानं पोरं फसतात, हे तिथंच माझ्या कानावर आलं होतं.

सूचनेचे दोन भाग होते. पहिला तब्येतीचा: डास, पाणी, लस, विमा. दुसरा धोक्याचा: नोकरीच्या नावाखाली फसवणूक होते, पर्यटक व्हिसावर कामाला जाऊ नये, जाण्याआधी आपल्या वकिलातीकडून कंपनीची खात्री करावी, सावधगिरी बाळगावी. एवढंच. आईनं पहिला भाग ऐकून लगेच कपाट उघडलं. डासांची क्रीम, जुलाबाची पावडर, पाणी उकळायची छोटी किटली, सगळं एका पिशवीत गेलं. अर्धी सूचना माझ्या आईनं इतकी मनापासून पाळली की ज्यानं ती लिहिली त्यानंही पाळली नसती.

बाबा मात्र दुसऱ्या भागावर अडले. बाबा मालगाडीचे ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले. आजोबा भंडाऱ्याकडून इथं रायपूरला रेल्वेतच कामाला आले होते, त्यामुळे आमच्या घरात रेल्वे हीच वतनवाडी.

त्यांनी विचारलं, "जाऊ नका, असं लिवलं आहे का त्यात?"

"तसं नाही लिहिलं. सावध राहा, खात्री करा, असं लिहिलंय."

"म्हणजे लाल नाही."

"बाबा, हा सिग्नल नाही."

"कागद सरकारचा आहे ना? मग सिग्नलच झाला. लाल असता तर मी त्याले घराबाहेर पाय टाकू दिला नसता. हा यल्लो आहे. यल्लोवर गाडी उभी नाही करत, पोट्टे. यल्लोवर स्पीड कमी करतात, पुढच्या सिग्नलकडे नजर ठेवतात, अन् चालवतात. यल्लोवर गाडी उभी केली तर ड्रायव्हरलेच चार्जशीट."

माझ्या भावाला तेवढंच हवं होतं. त्याला मराठी समजायचं, पण तो बोलायचा नाही. आमच्या वयाची बहुतेक पोरं तशीच. आई मराठीत विचारते, ती हिंदीत उत्तर देतात. तो म्हणाला, "देखो, पापा बोल दिए. स्पीड कम रखूंगा."

मी खूप भांडले. आईला सांगितलं, हे लोक पोरांना तिथं कोंडून ठेवतात. आई भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही.

"बुद्धाच्या देशात माह्या पोराले कोण काय करीन? तुह्या पत्रकात सगळी दुनियाच चोर असते."

हे वाक्य कुणाला भाबडं वाटेल. मला वाटत नाही. ज्या माणसांना स्वतःच्या गावात पाणी वरून ओतून मिळत होतं, त्यांच्या पोरांनी ऐकलं की जगात काही देश असे आहेत जिथं राजापासून रस्त्यावरच्या माणसापर्यंत सगळे बुद्धासमोर वाकतात. ते देश त्यांना परदेश वाटतच नाहीत. आणि परदेशच नसेल तर परदेशासाठीची सूचना कशाला लागू होईल? हे त्या दिल्लीच्या कागद लिहिणाऱ्याला कुठून कळणार. त्यानं देशाचं नाव लिहिलं, धोका लिहिला आणि बाजूला झाला.

निघायच्या आदल्या दिवशी विहारात कार्यक्रम झाला. सगळ्यांचे पांढरे कपडे, मेणबत्त्या, खीर. त्यानं सगळ्यांसोबत पंचशील म्हटलं. काका माइकवर म्हणाले की आपला पोट्टा भगवंताच्या भूमीत नोकरीले चालला, ही साऱ्या समाजाची इज्जत आहे. टाळ्या पडल्या. बाबांनीही वाजवल्या.

संध्याकाळी तो मला तेलीबांध्याला घेऊन गेला. तलावाच्या काठावर पोरं रील बनवत होती. आम्ही चाट खाल्ली.

"तू हर चीज का पर्चा बना देती है," तो म्हणाला. "मेरा भी बना देना. 'लड़का विदेश गया, बहन जल गई.'"

"पासपोर्ट कुणाच्या हातात द्यायचा नाही."

"हव, दीदी."

"तिथं उतरल्यावर पहिल्यांदा वकिलातीत फोन."

"हव बोला ना. अब पानी पी."

पहिल्या आठवड्यात फोटो आला. सोन्याचा स्तूप, समोर तो, पांढरा शर्ट, हात जोडलेले. आईनं गोल बाजारातून त्याची फ्रेम करून आणली आणि बुद्धाच्या मूर्तीशेजारी लावली. नंतर फोन कमी झाले. मग वेगळ्याच नंबरावरून यायला लागले. मग एक फोन असा आला की आईनं ठेवला आणि बराच वेळ ती मोबाइलकडे पाहत बसली.

"काय झालं?"

"तो मले माताजी म्हणाला."

"काय?"

"माताजी, आप चिंता न करें. असं म्हणाला. मम्मी म्हणते ना तो. लहानपणापासून मम्मीच म्हणते." आईचा आवाज अगदी साधा होता. "आवाज त्याचाच होता. पण कोणीतरी दुसराच बोलून राहिला होता."

मी तिची समजूत काढली नाही. मला समजूत काढता येत नाही, आणि ती बरोबर बोलत होती, हे मला ऐकूनच कळलं होतं.

खरं काय ते त्यानं मला सांगितलं एकदाच, घाईघाईत, कुजबुजत. विमानतळावरून गाडीत बसवलं. मग होडीतून नदी ओलांडायला लावली. पलीकडे दुसराच देश, उंच भिंती, गेटवर बंदूकवाले. पासपोर्ट गेला. आत ओळीनं बसलेली पोरं, प्रत्येकासमोर मोबाइल आणि पडद्यावर काय बोलायचं ते लिहिलेलं.

"काय बोलावं लागतं?"

"पुलिस बनता हूँ, दीदी. बूढ़े लोगों को बोलता हूँ कि आपके नाम से केस है. इज्जत से बात करनी पड़ती है. इज्जत से बोलो तो वो डरते हैं ज्यादा."

"नाही बोललास तर?"

फोन बंद झाला.

मी त्या उत्तराची वाट अजूनही पाहते आहे. तो आता घरी आहे, समोर आहे, तरीही.

त्यानंतरचे महिने ऑफिसांचे. मी निवेदनं दिली, ईमेल केले, दिल्लीला फोन केले. रायपूरच्या एका ऑफिसात एका साहेबांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. बाबा सोबत होते. साहेब वाईट नव्हते, चहा मागवला. मग मोबाइलवर तीच सूचना उघडून माझ्यासमोर धरली.

"मॅडम, एडवाइजरी तो थी. आप तो पढ़ी-लिखी हैं."

शेजारी बाबा खाली पाहत होते.

मी सरळ लिहिते. ती सूचना माणसाला वाचवायला लिहिलेलीच नाही. ती साहेबाच्या हातात धरायला लिहिलेली आहे, नंतर, सगळं झाल्यावर. ज्या वस्तीतून पोरं जातात तिथं ती पोहोचली नाही. ज्या भाषेत आया बोलतात त्या भाषेत ती आली नाही. विहारात, मंदिरात, रोजगार मेळ्यात, पासपोर्टच्या रांगेत कुणी ती मोठ्यानं वाचून दाखवली नाही. आणि एवढं करूनही तिनं सरळ 'जाऊ नका' म्हटलं नाही, कारण जाऊ नका म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, मग इथं काम कुठं आहे? आम्ही पत्रक लिहितो तेव्हा 'शक्यता नाकारता येत नाही' असलं वाक्य कुणी लिहिलं तर बाकीचे खोडतात. ठाम बोला, नाहीतर कागद वाया घालवू नका.

म्हणून मी ठाम लिहिलं. मराठीत, हिंदीत, छत्तीसगढ़ीत. वर मोठ्या अक्षरांत: जाऊ नका. खाली भावाची हकीकत, नाव न घालता. गोल बाजारात कापडाच्या दुकानांपुढं उभी राहून वाटलं, तात्यापाऱ्यात दारोदार दिलं. तिथं एक पोरगा भिंतीला टेकून पूर्ण पत्रक वाचत उभा राहिला. मला बरं वाटलं. मग तो जवळ आला आणि हळूच विचारलं, "दीदी, इसमें सैलरी कितना देते थे?"

मी त्याच्यावर ओरडले. तो गेला नाही. म्हणाला, "नहीं, मैं तो बस पूछ रहा था." त्यानं पत्रकाची घडी केली आणि नीट खिशात ठेवली. त्याचा चेहरा मला आजही दिसतो. त्या पत्रकात त्यानं काय वाचलं, कोण जाणे.

काका एकदा घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसले. मी ठरवून ठेवलं होतं काय बोलायचं ते. ते म्हणाले, "मले माहीत असतं तर मी माह्या पुतण्याचा पासपोर्ट काहून काढला असता? पुढच्या महिन्यात तोच जाणार होता." मी ठरवलेलं काही बोलले नाही. आईनं त्यांना पाणी दिलं. बाबा आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत.

त्या दिवसांत आई एक करायला लागली. अनोळखी नंबर आला की आपण कापतो. ती उचलायची. फोन लावला की सरकारचा सावधानतेचा आवाज ऐकू येतो, अनोळखी माणसाशी बोलू नका म्हणणारा, तो तिनं कित्येकदा ऐकला असेल. तरी ती प्रत्येक फोन उचलायची. बँकेचा, पार्सलचा, पोलीस असल्याचं सांगणारा. समोरचा बोलायला लागला की ही मध्येच विचारायची, "बाळा, तू जेवला काय?"

बहुतेक कापायचे. काही शिव्या द्यायचे. मी मोबाइल हिसकावून घ्यायचे, म्हणायचे, आई, तू वेडी झालीस काय. ती म्हणायची, "ते बी कोणाचे तरी आहेत. एखाद्यानं त्याले पाहिलं असन."

एका दुपारी मी भाजी निवडत तिच्याजवळच बसले होते. स्पीकर चालू होता. एक पोरगा अतिशय अदबीनं सांगत होता की माताजी, आपके आधार कार्ड पर एक केस दर्ज हुआ है. आईनं विचारलं, "जेवला काय रे बाळा?" तो थांबला. मागं खूप आवाज येत होते, एकाच वेळी बोलणारे. मग तो अगदी हळू म्हणाला, "हव, जेवलो." मग म्हणाला, "माय, फोन ठेव. असल्या फोनवर बोलत नको जाऊ. कोणीबी काही म्हणो, काही सांगू नको." आणि फोन बंद झाला.

तो माझा भाऊ नव्हता. आवाज जाड होता, बोली आमच्या बाजूची. आईनं लगेच तो नंबर लावून पाहिला, अस्तित्वातच नाही म्हणे. ती रडली नाही. म्हणाली, "याच्या आईले कोण सांगन, तो जेवला म्हणून?"

एवढ्या काळात साध्या शब्दांत, आमच्या भाषेत, आम्हाला मिळालेली ती एकमेव सूचना. ती कुणी दिली ते मी कुठल्याही पत्रकात छापलं नाही. छापलं असतं तर त्या पोराचं काय झालं असतं, या विचारानं हात थांबला.

माझा भाऊ आला. तिथं काही मोठी कारवाई झाली, भिंतींआडची पोरं बाहेर पडली, सरकारनं विमान पाठवलं. हे मी लिहिते, कारण ते खरं आहे. दिल्लीत चौकशी झाली, मग इथं झाली. विचारणाऱ्याचा मुख्य प्रश्न हा, की तुला फसवलं की तू फसवलंस. तो दोन्हीला हो म्हणाला. विचारणाऱ्याला राग आला.

घरी आल्यापासून तो हिंदी बोलत नाही. जन्मभर हिंदीत उत्तर देणारा हा पोरगा आता मोडकीतोडकी मराठी बोलतो, आमच्या आजीच्या तोंडची. दुकानात जाऊन बोटानं दाखवतो. आधी आईला याचा आनंद झाला. मग तिला कळलं. एकदा शेजारच्या भाभीनं हिंदीत हाक मारली तर तो उठून मोरीत गेला आणि नळ सोडून उभा राहिला. विहारात पंचशील म्हणतो, खोटं न बोलण्याचं शील आलं की त्याचे ओठ मिटतात, पुढचं आलं की पुन्हा हलतात. बाबा त्याच्या शेजारी बसतात आणि ते शील जरा मोठ्यानं म्हणतात.

मग ती बाई आली. भाटापाऱ्याकडची, सोबत दीर. पत्रक तिच्यापर्यंत कुठून तरी पोहोचलं होतं, त्यावर आमच्या गटाचा नंबर होता. तिचा मुलगाही तिकडंच गेला होता, आणि विमानात नव्हता. तिनं मोबाइल पुढं केला. एका लग्नातला फोटो, पोरगा नाचताना, अर्धा चेहरा कुणाच्या तरी हाताआड.

"बेटा, देखे हस का एला?"

भावानं मोबाइल घेतला. खूप वेळ पाहिला. मला म्हणाला, "तिले सांग, ध्यानात नाही येत."

मी हिंदीत सांगितलं. ती म्हणाली, नीट बघ, "बने असन देख बेटा." त्यानं पुन्हा पाहिलं. बाई त्याच्या तोंडाकडे पाहत होती. आणि मग माझा भाऊ हिंदीत बोलला. आल्यापासून पहिल्यांदा. शांत, स्वच्छ, अदबशीर आवाजात, एकाही शब्दावर न अडखळता.

"हाँ माताजी, देखा है. ठीक है वो. दूसरी बिल्डिंग में था. खाना मिलता है. आप चिंता न करें."

ती रडायला लागली, त्याच्या हातावर डोकं टेकवलं. जाताना त्याचा नंबर घेऊन गेली.

ते गेल्यावर मी विचारलं, "खरंच पाहिलं होतंस?"

"तिथं सगळे मान खाली घालून राहत," तो म्हणाला. "कोणाचा चेहरा पाहिला मी?"

"मग काहून सांगितलं?"

"तू सांग ना तिले मग. पत्रक काढ."

ती आता वरचेवर फोन करते. तो उचलतो आणि सांगतो, दुसऱ्या बिल्डिंगमधल्या पोराबद्दल: तो क्रिकेट खेळायचा, त्याचा ताप उतरला होता, तो एकदा हसला होता. प्रत्येक वेळी थोडं नवीन. बोलून झालं की तो मोरीत जातो. मी त्याला म्हटलं आहे की हे थांबलं पाहिजे, की खोटी आशा हीसुद्धा फसवणूक आहे, की त्या बाईला लढायचं असेल तर आधी खरं माहीत पाहिजे. हे सगळं बरोबर आहे, आणि मी ते ठामपणे म्हटलं आहे. शेवटी मी ठरवलं की मीच सांगेन.

परवा तो अंघोळीला गेला असताना त्याचा मोबाइल वाजला. तिचाच नंबर. मी उचलला.

"बेटी, भाई हे का?" ती म्हणाली. तिच्या मागं कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी तिला काहीतरी विचारलं, तिनं त्याला गप्प केलं आणि पुन्हा माझ्याकडे कान दिला. माझी वाक्यं तयार होती, छोटी, सरळ.

"हाँ," मी म्हटलं. "नहा रहा है. रुकिए, देती हूँ."